कांदाचाळीतला नवोपक्रम

१६ जून

शाळा उघडल्या. पोरांना गुलाबाचं फूल, गोड खाऊ आणि कुणातरी पुढाऱ्याच्या हातून पुस्तकं. मला मात्र तालुक्याच्या ऑफिसात बोलावलं होतं, तिथे गुलाब नव्हता. साहेबांनी (गटशिक्षणाधिकारी, या वहीत नुसते साहेब) सांगितलं की फिजिओथेरपिस्टची ऑर्डर यंदा निघालेली नाही. पद रिक्त. कधी भरणार विचारलं, तर म्हणे वरून आलं की. हे 'वर' नेमकं कुठे असतं, इतक्या वर्षांत मला कुणी दाखवलेलं नाही.

म्हणजे आता अख्ख्या तालुक्यातल्या दिव्यांग पोरांना मी एकटी. न ऐकणारी, न दिसणारी, पायाने अधू, उशिरा समजणारी, सगळी माझ्या गळ्यात. माझं शिक्षण कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं. स्नायू आणि सांध्यांतलं मला काही कळत नाही, हे साहेबांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही विशेष शिक्षक ना? मग जे जे विशेष, ते तुमचं." आणि स्वतःच हसले. शेजारचा क्लार्कही हसला, त्याला हसावंच लागतं.

माझी कंत्राटाची ऑर्डर नोव्हेंबरअखेरपर्यंत आहे. पुढचं पुढे.

येताना नाशिकच्या द्वारका चौकात तासभर अडकले. सिंहस्थाच्या नावाखाली सगळं खणून ठेवलंय.

१९ जून

विंचूरच्या पुढे तेजलच्या घरी. वय दहा, चौथीत गेली. जन्मतः पाय ताठ, टाचा जमिनीला टेकत नव्हत्या, गुडघे वाकलेले. मे महिन्यात दोन्ही पायांचं ऑपरेशन झालं, परवा प्लास्टर काढलं. पाय इतके बारीक झालेत की बघवेना. पण टाच टेकते! पहिल्यांदा टेकते. आई सुरेखा ते पुन्हा पुन्हा दाखवत होती.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. रोज उभं करा, रोज चालवा, दोन्ही बाजूंना धरायला कठडे पाहिजेत. दिवाळीपर्यंत जेवढं होईल तेवढं खरं. नाही केलं तर शिरा परत आखडतील आणि दुसऱ्या ऑपरेशनला पहिल्याएवढा गुण येत नाही.

सुरेखाला हे सांगितलं. ती कांद्याच्या कामावर जाते, नवरा टेम्पोवर, आठवड्यातून दोनदा घरी. ती म्हणाली, "मी शाळेत आणून सोडीन मॅडम, कडेवर आणीन. पुढचं तुम्ही बघा." मी हो म्हणाले. असले कठडे तिच्याच शाळेत आहेत ना! सरकारी पैशाने आलेले पॅरलल बार. दिव्यांग पोरांच्या साधनांची तालुक्यातली एकुलती एक संसाधन खोली तेजलच्या शाळेत. मला वाटलं, या पोरीचं नशीब तरी बरं.

२३ जून

नशीब कसलं.

संसाधन खोलीला कुलूप. किल्ली मु.अ. दराडे सरांच्या कमरेला. मुख्याध्यापकांनी शाळेची किल्ली कमरेला लावलेली मी पहिल्यांदाच पाहिली, पूर्वी सासवा लावायच्या. बऱ्याच मिनतवारीने खोली उघडली. आत पोषण आहाराचे तांदळाचे कट्टे, निवडणुकीच्या वेळची मोडकी टेबलं, आणि मागे भिंतीला लावून आपले बार. कंपनीच्या प्लास्टिकमध्ये, वरून सुतळीने बांधलेले. आले तसेच. व्यायामाची सायकल, तोल सांभाळायची फळी, रंगीत चेंडूंची टाकी, सगळं प्लास्टिकमध्ये. टाकीतले चेंडूसुद्धा पिशवीत गाठ मारून.

सर म्हणाले, ऑक्टोबरअखेर रिटायर होतोय, मला चार्ज क्लीन द्यायचाय. डेडस्टॉक रजिस्टरला जे नोंदलं ते तसंच्या तसं पुढच्याच्या ताब्यात. एक स्क्रू कमी निघाला तर पेन्शन अडकते. त्यांच्या कुणा मित्राचं असंच झालं, एका मायक्रोस्कोपपायी वर्षभर चकरा मारल्या म्हणे. मी म्हटलं, सर, हे वापरायला दिलंय. ते शांतपणे म्हणाले, "वापरलं की खराब होतं मॅडम."

माणूस दुष्ट नाही. तेजलला कडेवर घेतलेली सुरेखा बाहेर उभी होती तर तिला स्वतः खुर्ची आणून दिली, पोरीला बिस्किटाचा पुडा दिला. फक्त बार दिले नाहीत. डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

२ जुलै

साहेबांना भेटले. त्यांनी दराडेंना फोन लावला, माझ्यासमोर. "सर, मॅडमना सहकार्य करा." तिकडून काय आलं कुणास ठाऊक, साहेब हं हं करत राहिले आणि फोन ठेवून मला म्हणाले, सीनियर माणूस आहे, चार महिने राहिलेत, कशाला दुखवायचं. तुम्ही ॲडजस्ट करा.

तेजल ॲडजस्ट करेल. तिच्या गुडघ्यांना तसं कळवते.

९ जुलै

वर्गात दोन बाकं समोरासमोर लावली, मध्ये तेजल. दोन्ही बाकांवर पोरांना बसवलं, वजन राहावं म्हणून. तिसरी-चौथी एकाच वर्गात, एकच शिक्षिका, तिला दोन इयत्तांचं सोडून आणखी एक काम नको होतं, पण बिचारी नाही म्हणाली नाही. तेजल उभी राहिली. घामाघूम झाली. पाऊल एकच टाकलं, पण टाकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या तशी तिने मला खाली बसवायला सांगितलं, लाजली.

मी आठवड्यातून एकदा येऊ शकते. तालुका केवढा आहे! बाकीचे दिवस कोण धरणार?

२१ जुलै

जे व्हायचं तेच झालं. मी नसताना पोरांनी आपल्या आपण बाकं लावली, तिला उभं केलं. पोरांचा हेतू चांगलाच. एक जण पाणी प्यायला उठला, बाक सरकला, तेजल हनुवटीवर पडली. टाके पडले. सुरेखाने तिला चार दिवस शाळेत आणलं नाही. दराडे सर मला म्हणाले, "बघा, म्हणूनच मी असल्या गोष्टींना हात लावत नाही." त्यांच्या खोलीत भक्कम लोखंडी बार भिंतीला टेकून उभे आहेत आणि पोर बाकावरून पडली याचा अर्थ त्यांना असा लागला.

आता शाळेत उभं करणं बंद. लेखी सूचना आली, जोखीम घेऊ नये.

घरी येऊन यांना सांगितलं. हे मनमाडहून रात्रपाळी करून आलेले, झोपेत होते. म्हणाले, सोड ना ती नोकरी, किती जिवाला लावून घेतेस. सोडेनही. पण मग ते बार दराडेंबरोबर रिटायर होतील.

५ ऑगस्ट

तेजलचा डावा गुडघा परत वाकायला लागलाय. मोजायचं मला येत नाही पण दिसतं. झोपवून ताणून बघितला, ती ओठ चावत होती. रडली नाही. मलाच रडू आलं. मी किती ताण द्यावा? कमी दिला तर उपयोग नाही, जास्त दिला तर काहीतरी फाटेल. हे काम ज्याचं त्याची खुर्ची रिकामी, आणि मी अंदाजाने एका लेकराचे पाय ओढतेय. किळस येते या सगळ्याची. माझीही.

२४ ऑगस्ट

पुण्याहून पथक येणार परवा. संसाधन खोली बघायला. रविवारीसुद्धा ऑफिसात धावपळ. जूनपासून ज्यांना माझा फोन घ्यायला वेळ नव्हता त्यांचे आज सकाळपासून मला फोन.

तांदळाचे कट्टे हलले. खोलीला रंग मारतायत. दराडे सर स्वतः उभे राहून भिंतीवर ससे आणि फुलपाखरं काढून घेतायत.

२६ ऑगस्ट

लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

खोली भरलेली दिसायला हवी म्हणून आजूबाजूच्या शाळांतून पोरं आणली, ॲपे रिक्षातून. उसनी पोरं. एकाच्या अंगात ताप होता. एका न दिसणाऱ्या पोराला ब्रेलच्या पाटीसमोर बसवलं. त्याला ब्रेल येत नाही, शिकवणारा आहे कोण? त्याला सांगितलं होतं, पुण्याचे साहेब आले की ठिपक्यांवरून बोटं फिरव. तो एवढा प्रामाणिक की साहेब येऊन गेल्यावरही बोटं फिरवतच होता. मी जाऊन त्याचा हात धरला तेव्हा थांबला.

आणि बार. प्लास्टिक काढलेले, जमिनीवर बोल्ट मारून बसवलेले, चकाचक. तेजलला उभं केलं. तिने दोन्ही हातांनी धरले आणि चालली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत! बाकाला धरून एक पाऊल टाकायला जिला घाम फुटायचा, ती पूर्ण लांबी चालली, कारण कठडा हलत नव्हता. टोकाला पोचून तिने मागे वळून मला शोधलं. मी इतकी खूश झाले की आजूबाजूला काय चाललंय ते विसरले. पथकातल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. फोटो झाले. दराडे सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते, हेच मला जास्त सहन होत नाही.

सुरेखा खिडकीतून बघत होती. कामाला खाडा करून आलेली.

२८ ऑगस्ट

आज गेले तर बार परत प्लास्टिकमध्ये. तेच प्लास्टिक, जपून ठेवलं होतं. बोल्ट काढले, फरशीतल्या भोकांत सिमेंट भरलं. कुलूप.

तेजल सकाळपासून त्या दारासमोर बसून होती. वर्गात जायला तयार नाही. मला बघून तिने एवढंच विचारलं, "मॅडम, पुण्याचे साहेब परत कधी येणार?"

मी म्हटलं, माहीत नाही बाळा. तिला वाटतं साहेब आले की चालता येतं. तिचं काही चुकलेलं नाही.

२ सप्टेंबर

साहेबांना पाच मिनिटं सलग बोलले. आवाज चढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पथकाचा रिपोर्ट उत्तम आहे, खोली आदर्श म्हणून निवडलीय, आता तुम्ही त्यावर शाई सांडू नका. जाताना बातमी दिली की शेजारच्या तालुक्यातली विशेष शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जातेय, तिचाही चार्ज तुमच्याकडे. म्हणजे आता तेजलकडे पंधरवड्यातून एकदा. जास्त बोलण्याचं बक्षीस हातोहात.

१८ सप्टेंबर

पोचेपर्यंत शाळा सुटली होती, तेजल तिथे नव्हती. घरीही नाही. शेजारणीने सांगितलं, आईबरोबर कांदाचाळीवर असेल. गेले शोधत.

सुरेखा ज्यांच्याकडे कामाला जाते त्या अण्णांची चाळ मोठी आहे, दोन रांगा आणि मधून चालायला बोळ. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांदा छातीपर्यंत भरलेला, बांबूच्या पट्ट्यांच्या भिंतींआड. सुरेखा आणि आणखी दोन बाया सडका कांदा निवडून बाहेर टाकत होत्या. वास असा की डोळे चुरचुरले. आणि त्या बोळात, दोन्ही हातांनी दोन्हीकडचे बांबू धरून, तेजल उभी. पायाखाली कांद्याची सालं.

ती मला म्हणाली, "हे हालत नाय मॅडम. तिथल्यासारखंच हाय."

ती रोज शाळेतून आली की तिथे चालते. तिलाच सुचलं. सुरेखाला आधी भीती वाटली, मग तिने सालं झाडून रस्ता केला. मी बोळात उभी राहून रडले. कांद्याचं निमित्त होतं म्हणून कुणी विचारलं नाही.

अण्णांना भेटून कमरेच्या उंचीवर दोन सरळ बांबू आडवे बांधून घेतले, हाताला बांबूचं कुसळ टोचू नये म्हणून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. भला माणूस, लगेच माणूस लावला. विचारत होते, शाळेत एवढी मोठी खोली झाली म्हणे, मग इथे का? मी म्हटलं, तिथे रंग ओला आहे अजून.

४ ऑक्टोबर

तेजल बोळाची अर्धी लांबी न थांबता. उजवा पाय छान सरळ पडतो. डावा अजून ओढते. चाळीत उंदीर आहेत, माशा आहेत, कुजक्या कांद्याचं पाणी झिरपून पाय घसरतो. तिची चप्पल सतत ओली. पायाला खाज आलीय, मलम दिलं.

मासिक अहवाल लिहायचा होता. आज मनातलं सगळं त्यात ओतलं. स्पष्ट लिहिलं की संसाधन खोलीतले बार प्लास्टिकमध्ये आहेत, फिजिओथेरपिस्टचं पद रिक्त आहे आणि ऑपरेशन झालेली विद्यार्थिनी कुजक्या कांद्यांमध्ये बांबू धरून चालायचा सराव करतेय. फोटोही जोडला. वाचून कुणाला तरी लाज वाटेल. एकाला जरी वाटली तरी पुरे.

१६ ऑक्टोबर

डॉक्टरांकडे नेलं, मी आणि सुरेखा. उजवा गुडघा पूर्ण सरळ. डावा नाही. ते म्हणाले, जेवढं झालं तेच नवल आहे, पण डाव्याला आता जाणकार हात पाहिजे. नुसत्या चालण्याने होणार नाही. अजून वेळ गेलेली नाही, तीनेक महिने कुणी नीट, रोज करून घेतलं तर वाचेल. मला विचारलं, शाळेकडे फिजिओ नाही का? सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मागणी केलीय.

३१ ऑक्टोबर

दराडे सरांचा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, फेटा. भाषणात साहेब म्हणाले, एवढ्या वर्षांच्या सेवेत सरांच्या ताब्यातली एक वस्तू तुटली नाही की हरवली नाही. टाळ्या. मला टाळी वाजवता येईना. प्रभारी बाईंनी बार मोजून घेतले, प्लास्टिकवरूनच, आणि सही केली. किल्ली आता त्यांच्या पर्समध्ये. विचारलं तर म्हणाल्या, मी प्रभारी आहे हो, कायम मु.अ. आले की बघू.

निघताना सर माझ्याजवळ आले. म्हणाले, मॅडम, ती मुलगी चालते का आता? मी म्हटलं, चालते. त्यांना बरं वाटलं. मी त्यांना कुठे चालते ते सांगितलं नाही. का नाही सांगितलं, कोण जाणे. फेटा बांधलेल्या माणसाला असलं काही बोलवत नाही.

११ नोव्हेंबर

अहवाल वाचला गेला!

साहेबांनी बोलावलं, उठून उभे राहिले माझ्यासाठी. म्हणाले, मॅडम, काय काम केलंय, आम्हाला पत्ताच नाही. 'कांदाचाळीतून थेरपी, स्थानिक साधनांचा कल्पक वापर.' जिल्ह्याच्या नवोपक्रम मेळाव्यासाठी तालुक्यातून हीच निवड. नाशिकला सादरीकरण. मुलीला आणायचं, आईला आणायचं.

मी म्हटलं, साहेब, ती तक्रार होती. ते म्हणाले, तेच तर, तक्रार न करता तुम्ही मार्ग काढलात.

म्हणजे मी अहवालातून थोबाडीत द्यायला हात उचलला आणि त्यांनी तोच हात हातात घेऊन हलवला. आता काय करू?

२० नोव्हेंबर

ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरने सादरीकरण तयार केलं. बारा फोटो, कांदे सुंदर आलेत, सडके एकाही फोटोत नाहीत. शेवटच्या पानावर फलनिष्पत्ती. त्यात शेवटचं वाक्य: 'या उपक्रमामुळे स्वतंत्र फिजिओथेरपिस्टची आवश्यकता भासली नाही.'

हे कुणी घातलं? ऑपरेटर म्हणाला, साहेबांनी सांगितलं. साहेब म्हणाले, वर बचत दाखवावी लागते, त्याशिवाय नंबर येत नाही. मी म्हटलं, डॉक्टर उलट सांगतायत, डावा गुडघा जाईल तिचा. हे वाक्य वर गेलं की पद कायमचं गेलं. ते म्हणाले, एका वाक्याने काही होत नाही. आणि मग माझी फाईल पुढे ओढून म्हणाले, तुमची ऑर्डर या महिन्यात संपतेय ना, नूतनीकरण माझ्याच सहीने आहे, मेळावा झाला की लगेच करू.

धमकी नव्हती. आवाज अगदी मायेचा होता.

यांना सांगितलं. म्हणाले, ते वाक्य तू वाचू नकोस, बाकीचं वाच. ऑर्डरही राहील आणि जिभेवर पापही नाही. मला पटलं. इतकं सोपं होतं.

२८ नोव्हेंबर

मेळावा झाला.

तेजलला नवा फ्रॉक. सुरेखाने ठेवणीतली साडी नेसली. हॉल मोठा, एसी, सगळ्या तालुक्यांचे अधिकारी. स्टेजवर नकली बांबू लावले होते, सजावटवाल्याकडून, वर प्लास्टिकच्या कांद्यांच्या माळा. तेजलला त्यातून चालायला लावलं. ते बांबू हलत होते. ती मध्येच थांबली, घाबरली, मी जाऊन धरलं. लोकांना वाटलं भावुक झाली. टाळ्या.

मी वाचलं. सगळं वाचलं, शेवटचं वाक्य सोडून. तिथे आले आणि धन्यवाद म्हणून खाली बसले. स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली. मग वर पाहिलं. मागे पडद्यावर ते पान तसंच लावलेलं होतं, ते वाक्य ठळक अक्षरांत, कितीतरी वेळ. सगळ्या हॉलने ते वाचलं. आणि टाळ्या तेव्हाच सगळ्यात जास्त पडल्या.

पहिला नंबर आला. साहेबांनी मला पेढा भरवला.

परतताना बसमध्ये तेजल झोपली. सुरेखा खिडकीकडे तोंड करून बसली होती. निफाड गेल्यावर म्हणाली, "मॅडम, पडद्यावर लिवलं व्हतं, आता डाक्टरची गरज नाय म्हून. ते खरं हाय का?"

मी म्हटलं, खरं नाही. आणि मी ते वाचलं नाही सुरेखाताई, मुद्दाम सोडलं.

ती म्हणाली, "व्हय. पर खोटं हाय असं बी तुम्ही म्हनल्या नाय."

रागाने नाही म्हणाली. नुसतं म्हणाली. मग झोपलेल्या पोरीचा डावा पाय मांडीवर घेऊन विंचूर येईपर्यंत गुडघा दाबत बसली, मी जसं दाखवलं होतं तसं. मी बरोबर दाखवलंय की नाही हे मला माहीत नाही.

२९ नोव्हेंबर

दिवसभर किळस. पेढ्याची चव तोंडातून जात नाही. इतके महिने दराडेंना शिव्या घातल्या, साहेबांना घातल्या. पण त्या हॉलमध्ये माइक माझ्या हातात होता.

पत्र लिहिलं. साधं. सादरीकरणातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे, या मुलीला फिजिओथेरपिस्टची तातडीने गरज आहे, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे, खोलीतले बार वापरासाठी उघडावेत. प्रत जिल्ह्याला. यांना वाचून दाखवलं. म्हणाले, सही करायच्या आधी एक दिवस थांब. थांबले असते तर सही झाली नसती, म्हणून लगेच केली.

३० नोव्हेंबर

रविवार असून साहेब ऑफिसात होते, महिनाअखेर. सुरेखा बरोबर आली, मी बोलावलं नव्हतं.

साहेबांनी पत्र वाचलं, मग माझी ऑर्डर काढून शेजारी ठेवली. म्हणाले, "हे परत घ्या मॅडम, इथेच सही करून देतो. तुम्ही राहिलात तर मुलीला निदान तुम्ही तरी आहात. तुम्ही गेलात तर तिला कोण आहे?"

हा प्रश्न खोटा नाही, म्हणूनच जास्त राग आला. मी सुरेखाकडे पाहिलं. वाटलं, ती म्हणेल, घ्या मागे. म्हणाली असती तर मी घेतलंही असतं. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली फक्त, पदर खोचून, कामावर उभी राहते तशी.

मी पत्राची पोच मागितली. क्लार्कने साहेबांकडे पाहिलं, मग शिक्का मारला. हसला नाही. ऑर्डर साहेबांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. सही केली की नाही, दिसलं नाही.

१ डिसेंबर

कुणाचा फोन नाही. मी नोकरीत आहे की नाही, कुणी सांगितलं नाही. सकाळी नेहमीची बस धरली.

प्रभारी बाई दारातच म्हणाल्या, तुमची ऑर्डर दाखवा, नाहीतर मला वर्गात घेता येणार नाही, माझ्यावर येईल. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर. त्यांच्याशी वाद घातला नाही. शाळा सुटेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसले आणि मग चाळीवर गेले.

अण्णांनी कांदा विकला, भाव चांगला लागला म्हणे. चाळ रिकामी. बांबू आहेत अजून, पण पुढच्या आठवड्यात मक्याचा चारा भरणार. तेजल आली, आज उजवा पाय टाकून डावा ओढून बोळ पूर्ण केला, परत वळली. मी विचारलं, दमलीस का? ती म्हणाली, नाही, अजून एकदा. मी तिच्या पुढे उलटी चालत राहिले, हात पुढे करून, पडली तर धरायला.

डावा गुडघा होता तेवढाच वाकलेला. उद्याही जाणार आहे. काय म्हणून जाणार, ते माहीत नाही.